दिवसा पेटणारा दिवा

नवी दुचाकी घेतली तेव्हा चौकाचौकात लोक हाताची उघडझाप करून सांगायचे, ‘लाईट चालू आहे!’ मीही बटण शोधलं. ते नव्हतंच. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकीचा दिवा इंजिनाबरोबरच पेटू लागला होता.

ही कल्पना मूळची उत्तर युरोपातल्या अंधाऱ्या मुलखातली. फिनलंडने 1972 मध्ये हिवाळ्यापुरते, गावाबाहेरच्या रस्त्यांवर दिवसा दिवे सक्तीचे केले. स्वीडनने 1977 मध्ये थेट बारा महिने. पण 5 वॅटचा पार्किंग बल्ब रात्री उभी गाडी दाखवण्यापुरता, उन्हात तो कुणाला दिसणार? म्हणून व्होल्वोने पुढच्या कोपऱ्यात इंडिकेटरच्या ताकदीचा, 21 वॅटचा बल्ब पेटवला. रस्ता दिसावा म्हणून नव्हे, आपण दिसावं म्हणून! त्याबरोबर मागचे दिवेही लागत.

पुढे कॅनडाने डिसेंबर 1989 पासून बनणाऱ्या गाड्यांना आणि युरोपीय संघाने फेब्रुवारी 2011 पासून मोटारींच्या नव्या मॉडेलना असे दिवे बंधनकारक केले. मात्र युरोपच्या या नियमात मागचे दिवे लागलेच पाहिजेत असं नाही. मला ही मोठी चूक वाटते.

गेल्या हिवाळ्यात, मगरिबच्या सुमारास, महामार्गावर एका मोटारीवर मी आदळता आदळता वाचलो. पुढे धाब्यावर तिचा मालक भेटला.

“लाईट चालूच होते की, भाईजान,” तो म्हणाला आणि पुढच्या पांढऱ्या पट्ट्यांकडे बोट दाखवलं.

मी त्याला हाताला धरून गाडीच्या मागे नेलं.