सणासुदीची फुले : खरेदी स्थानिक फुलकारांकडून कशी करावी

देवपूजेत पत्र, पुष्प, फल आणि तोय यांचे महत्त्व आपण सर्व जाणतोच. गोमंतकात तर देवाचा कौल घेतानाही मूर्तीस कळ्या वा पाकळ्या लावून प्रसाद पाहण्याची प्रथा आहे. तेथे कागदाचे अथवा प्लॅस्टिकचे फूल कामास येत नाही. ही ताजी फुले पुरविण्याची सेवा फुलकार मंडळींनी व देवळाच्या दारी बसणाऱ्या फुलवाल्या भगिनींनी पिढ्यान्‌पिढ्या केली आहे. म्हार्दोळच्या श्री महालसा देवस्थानात पावसाळ्यात होणारी 'जायांची पूजा' हा फूल, फुलकार आणि देव यांच्या नात्याचा सुंदर दाखला होय.

सणाच्या दिवसांत फुलांची मागणी अनेक पटींनी वाढते आणि घाटावरून, विशेषतः बेळगाव भागातून, झेंडू व शेवंती गाड्या भरून येते. ती यावयास हवीच, कारण केवळ गोव्यातील पिकावर सणाची गरज भागत नाही. परंतु सणाची सगळीच खरेदी बाहेरच्या मालाकडे वळली, तर स्थानिक फुलकाराने वर्षभर बाग कोणाच्या भरवशावर राखावी? चार सणांची कमाई त्याला उरलेले दिवस तारून नेते. ती गेली की भर पावसात नित्यपूजेसाठी अबोलीची फाती आणून देणारे हातही राहणार नाहीत. म्हणून सणाच्या खरेदीतील काही वाटा तरी आपल्या गावच्या फुलकारासाठी राखून ठेवणे, हे आपलेच हित आहे.

कोणते फूल केव्हा

अबोली : हिला सुगंध नाही, पण रंग व टिकाऊपणा आहे. कणसावरील फुले खालून वर क्रमाने उमलतात, त्यामुळे तोडणी थोडी थोडी व वारंवार करावी लागते. एका दिवसात हवी तितकी अबोली मिळत नाही, ती यामुळेच.

जाई : पावसाळ्याचे फूल. कळ्या सायंकाळी उमलतात, म्हणून त्या उमलण्याआधीच तोडून गुंफतात.

मोगरा : उन्हाळ्याचे फूल. चैत्र-वैशाखातील उत्सवांस हा भरपूर मिळतो.

शेवंती : दिवस लहान होऊ लागले की हिला कळ्या धरतात. म्हणून दसरा-दिवाळीपासून हिचा खरा हंगाम.

झेंडू : मूळचा मेक्सिकोकडील, पण आज दसऱ्याच्या तोरणात अग्रमान त्याचाच. रोप लावल्यापासून फूल येण्यास साधारण दीड ते दोन महिने लागतात.

खरेदी करताना

१. मागणी आगाऊ सांगावी. दसऱ्यासाठी झेंडू हवा असल्यास श्रावणातच बोलणे करावे, म्हणजे लागवड त्या बेताने होते. शक्य असल्यास थोडा विसार द्यावा.

२. माप आधी ठरवावे. सुटी फुले वजनावर व फाती नगावर मिळतात. दाराची रुंदी व मूर्तीची उंची मोजून हाराची लांबी सांगावी.

३. भाव त्याच वेळी पक्का करावा. ऐन सणाच्या पहाटे घासाघीस करणे शोभत नाही, आणि ठरल्या भावापेक्षा अधिक मागणेही योग्य नव्हे.

४. ताजेपणा पाहावा. झेंडूचा देठ हिरवा व फूल घट्ट असावे, हलविल्यास पाकळ्या गळू नयेत. पाण्याने निथळणारी फुले वजनात भरतात, परंतु लवकर कुजतात.

५. कापडी पिशवी वा परडी न्यावी. १२० मायक्रॉनहून पातळ प्लॅस्टिक पिशव्यांना ३१ डिसेंबर २०२२ पासून, तर थर्मोकोलच्या सजावटीस १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. शिवाय बंद पिशवीत फुले घुसमटून काळी पडतात.

६. केळीच्या सोपाच्या धाग्यात गुंफलेले हार मागावेत. तार, जरी व चमकीचा कागद टाळावा.

चतुर्थीची माटोळी

माटोळीसाठी रानफुले व फळे घेऊन ग्रामीण भगिनी बाजारात बसतात. त्यांच्याकडूनच खरेदी करावी, मात्र मुळासकट उपटलेली झाडे मागू नयेत. कळलावी (वाघनखी) विषारी असल्याने मुलांच्या हाती देऊ नये.

निर्माल्य

निर्माल्य नदीत अथवा तळीत सोडू नये. धागे व तारा काढून त्याचे खत करावे. ते खत फुलकाराच्याच बागेत गेले, तर याहून चांगले काय? देवाचे फूल पुन्हा देवाच्याच फुलाच्या मुळाशी पोहोचेल.

घरी तगर, जास्वंद, कण्हेर वा पारिजातक असल्यास ती फुले अवश्य वाहावीत. हार मोठा असण्यापेक्षा ताजा असावा. येत्या सणापूर्वी प्रत्येक कुटुंबाने आपल्या परिसरातील एका फुलकाराशी आगाऊ बोलणे करावे, अशी सर्व महाजन व भाविक बंधु-भगिनींस नम्र विनंती.

— सचिव