हैदराबाद स्टेट बँकेचे विलीनीकरण

पूर्वीच्या हैदराबाद संस्थानात स्थापन झालेली व मराठवाड्याच्या अर्थव्यवहाराशी पाऊणशे वर्षे निगडित असलेली ही बँक १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. मोठ्या संस्था एकत्र येताना हिशोब लवकर जुळतात. कामाच्या रीती व सेवाशर्ती जुळणे मात्र कठीण जाते, याचे हे उद्‌बोधक उदाहरण होय.

दोन्ही बँकांच्या परंपरा मुळातच भिन्न होत्या. कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील इलाखा बँकांच्या एकीकरणातून १९२१ मध्ये इंपीरियल बँक निघाली व तिचीच पुढे १९५५ मध्ये भारतीय स्टेट बँक झाली. हैदराबाद स्टेट बँक १९४१ च्या संस्थानी कायद्याने निर्माण झाली. व्यापारी बँकव्यवसायाबरोबरच हाली सिक्का या संस्थानी चलनाची व सरकारी कर्जाची व्यवस्था तिच्याकडे असे. सात हाली रुपयांस सुमारे सहा ब्रिटिश हिंदुस्थानी रुपये पडत. त्यामुळे औरंगाबादच्या (छत्रपती संभाजीनगर) व्यापाऱ्यास मुंबईशी व्यवहार करताना बट्ट्याचा हिशोब ठेवावा लागे.

१९५६ मध्ये रिझर्व्ह बँकेने ही बँक ताब्यात घेतली व तिचे नाव स्टेट बँक ऑफ हैदराबाद असे झाले. त्याच वर्षी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. हैदराबादशी असलेला राजकीय संबंध तुटला, तरी बँकेचे मुख्यालय तेथेच राहिले. १९५९ च्या कायद्याने ती भारतीय स्टेट बँकेची दुय्यम बँक झाली. परंतु तिचे संचालक मंडळ व सेवाज्येष्ठतेची यादी स्वतंत्रच होती.

२०१७ मध्ये मालकी, बोधचिन्ह व संगणकप्रणाली यांपैकी काहीच नवे नव्हते. खरा वाद माणसांचा होता. भारतीय स्टेट बँकेच्या जुन्या कर्मचाऱ्यांना भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन व उपदान हे तिन्ही लाभ मिळत. दुय्यम बँकांतील कर्मचाऱ्यांना उपदानाबरोबर उरलेल्या दोहोंपैकी एकच. ज्येष्ठता व बदल्या यांविषयीही साशंकता होती. कर्मचारी संघटनांनी २०१६ मध्ये विलीनीकरणास विरोध केला. पुढे दुय्यम बँकांतील कर्मचाऱ्यांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणण्यात आली. जवळजवळ असलेल्या शाखा एकत्र झाल्या. जुन्या नावाची धनादेशपुस्तके ३१ मार्च २०१८ पर्यंतच ग्राह्य धरण्यात आली.