तिसा सबैन मया व अलफ

वडगाव मावळात आम्ही दहा-बारा जण रविवारी इतिहासाच्या कामाला जमतो. गटाला नाव नाही, कार्यालय नाही. निवृत्त शिक्षक आहेत, एक वकील आहे, कॉलेजची मुलं आहेत, लोकलने येणारेही दोघं-तिघं आहेत. कधी लोहगडावरून रिकाम्या बाटल्यांची पोती खाली आणायची, कधी मोडी वाचायला बसायचं. जानेवारीत १७७९ च्या लढाईची आठवण म्हणून शाळेतल्या मुलांना गाव फिरवून दाखवायचं. कामं साधीच असतात. २०२५ मध्ये लोहगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, पण पुढच्या रविवारी पोती होतीच.

मी पहिल्यांदा गेलो तो संकोचानेच. ‘इतिहास’ हा शब्द ऐकला की आपल्याकडची माणसं जरा सावरून बसतात. आता काय ऐकावं लागेल, हा विचार आधी येतो. मी मागच्या रांगेत बसलो होतो. गुरुजींनी पेशवाईतल्या कागदांवरची कालगणना काढली होती आणि अरबी आकड्यांचा तक्ता पाठ करायला दिला होता. मुलं अडखळत होती. फळ्यावर लिहिलं होतं, ‘तिसा सबैन मया व अलफ’.

मला तक्ता पाठ करावा लागला नाही. लहानपणी मक्तबमध्ये बोटांवर मोजलेलेच हे आकडे. तिसा म्हणजे नऊ, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. एकूण ११७९. हा शुहूर सन. मृगाच्या सुमारास तो बदलतो, म्हणून जानेवारीतल्या तारखेसाठी त्यात ६०० मिळवायचे आणि मृगानंतरच्या तारखेसाठी ५९९. ११७९ मध्ये ६०० मिळवले की १७७९, म्हणजे वडगावच्या लढाईचं साल. पेशव्यांच्या दफ्तरात साल असं अरबी आकड्यांत लिहीत आणि ‘छ’ घालून मुसलमानी महिन्याचा चंद्र सांगत. इंग्रजांनी वडगावात करार केला १६ जानेवारीला. तेव्हा जिल्हेज संपत आला होता आणि दोन-तीन दिवसांत मोहरमचा चाँद दिसायचा होता.

त्या दिवशी गुरुजींनी मला पुढे बोलावलं. “भाई, उच्चार तुम्ही सांगा, आमचे चुकतात,” म्हणाले. मागच्या रांगेतली माझी जागा तेव्हाच सुटली.

लढाईची हकिकत बहुतेकांना माहीत असते. राघोबादादाला पेशवाईच्या गादीवर बसवायला मुंबईकर इंग्रजांची सुमारे चार हजारांची फौज नोव्हेंबर १७७८ मध्ये निघाली. सामान ओढायला १९ हजारांवर बैल होते, त्यामुळे चाल गोगलगाईची. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. फौज तळेगावला पोचली तेव्हा गाव जाळून रिकामं केलेलं होतं, दाणागोटा मिळेना. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून ती मागे फिरली आणि वडगावात कोंडली गेली. करारात साष्टी आणि १७७३ नंतर घेतलेला मुलूख परत करणं इंग्रजांनी कबूल केलं. पुढे कंपनीने हा करार नाकारला, आणि लढाई १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चालली. दोन्ही वेळा मराठ्यांच्या बाजूने बोलणी करणारा माणूस एकच, महादजी शिंदे.

पडलेल्या स्टुअर्टला मराठ्यांनी ‘इष्टुर फाकडा’ म्हटलं. चाल करून आलेला शत्रू, पण शूर, म्हणून फाकडा. त्याची समाधी वडगावात आहे आणि लोक तिला मानतात. मुलांना आम्ही तिथे नेतोच.

गेल्या खेपेला समाधीपाशी आमच्या मोहल्ल्यातला सातवीतला एक मुलगा माझ्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, “चाचा, तेव्हा आपण कुणाच्या बाजूने होतो?”

मी त्याला राणेखानाची गोष्ट सांगितली. १७६१ च्या पानिपतावर महादजी पायाला जखम होऊन पडला होता. राणेखान नावाच्या भिश्त्याने त्याला उचललं, आपल्या पखालीच्या बैलावर घातलं आणि वाचवलं. महादजी जन्मभर लंगडत चालला, पण जगला. त्याने राणेखानाला भाऊ मानलं आणि सरदार केलं. १७८८ मध्ये गुलाम कादिर रोहिल्याने बादशहा शाह आलमचे डोळे काढले, तेव्हा त्याच्यावर दिल्लीला जी फौज गेली तिच्या पुढे हाच राणेखान होता. महादजीची श्रद्धा बीडच्या मन्सूरशहा अवलियांवर होती, हेही सांगितलं. मुलगा खूश झाला. मी मात्र घरी येताना नाखूश होतो.

त्या मुलाबरोबर चाळीस मुलं होती. हा प्रश्न बाकी कुणालाच पडला नव्हता. वडगावच्या लढाईत खुद्द पेशव्यांच्या घरातला माणूस इंग्रजांच्या छावणीत होता. त्याचा हिशेब आज कुणाच्या आडनावाकडे मागत नाहीत, आणि मागूही नये. दिल्लीत गुलाम कादिर आणि राणेखान समोरासमोर होते. बाजू ठरत होत्या त्या चाकरीने, वतनाने, वैराने आणि उपकाराने. राणेखानाने बैल पुढे केला तो समोर जखमी माणूस होता म्हणून. अडीचशे वर्षांनी सातवीतल्या मुलाला दाखला मिळावा म्हणून नव्हे. मी मात्र त्या भिश्त्याला दाखल्यासारखाच वापरला. पुन्हा विचारलं तर मी त्याला आधी सांगेन, “बेटा, बाजू एक नव्हती, कुणाचीच नव्हती. चल, कागद वाचू.”

कारण कागद आहेत. मावळातल्या गावगाड्यात मुलाणी होता, दर्ग्याचे मुजावर होते, कसब्यात काझी होता. त्यांच्या वतनाच्या, इनामाच्या सनदा कुणाकुणाच्या पेटीत अजून असतील. आमच्या गटाचं एक काम असे कागद घरी जाऊन बघायचं, फोटो काढायचा आणि कागद तिथेच परत ठेवायचा. पाटील-देशपांड्यांच्या घरी चहा आधी येतो, मग रुमाल सुटतो. आपल्या घरी चहा येतो, पेटी उघडत नाही. “कशाला पाहिजे? कुठे जाणार हे?” असं एका खालांनी मला, आपल्याच माणसाला, विचारलं. सध्याच्या दिवसांत कागद या शब्दाची धास्ती कशी बसली आहे ते मला ठाऊक आहे. मी आग्रह केला नाही.

पण वाळवीला असली धास्ती नसते. वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून दफ्तरं गोळा करत हिंडले आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. त्याच मंडळात ग. ह. खरे यांनी फारसी साधनांचं वाचन आयुष्यभर केलं. ती भाषा त्यांच्या घरची नव्हती, ते मुद्दाम शिकले. आपल्या मुलांच्या कानावर निदान आकडे तरी रोज पडतात.

तीन महिन्यांनी त्या खालांचा निरोप आला. पेटीत एकच कागद होता, घडीवर फाटलेला, खालचा अर्धा भाग गेलेला. मजकूर काही लागत नाही. वरच्या ओळीत ‘मया व अलफ’ एवढं स्पष्ट आहे, एकक-दशक फाटलंय. म्हणजे शतक सापडलं, साल गेलं. खालांनी विचारलं, “आधी आला असतास तर वाचता आलं असतं का?”

मी काय सांगणार? दर रविवारी सकाळी आम्ही बसतो. पेटी घेऊन येऊ नका, नुसते या. पेटीचं तुम्हीच ठरवा.