स्वराज्य होतं, साम्राज्य कसं झालं?



आज आम्ही आपल्याच जिल्ह्यातल्या तीन ठिकाणांची गोष्ट सांगणार आहोत. चिपळूण, संगमेश्वर आणि हर्णै. एसटीनं आपण तिथं बाजाराला जातो, लग्नकार्याला जातो. पण ही तीन नावं ओळीनं लावली की एक प्रश्न उभा राहतो. जुलमी बादशाहीविरुद्ध रयत उभी राहते, टिकते, जिंकते. मग तिचीच फौज दुसऱ्या मुलखातल्या रयतेला नकोशी का होते?

पहिलं ठिकाण चिपळूण. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास, म्हणजे १६७४ च्या आगेमागे, जवळच हलवर्णला घोडदळाची छावणी होती. तिथल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना महाराजांनी पत्र लिहिलं. पत्रात लढाईचा डावपेच नाही. दाणावैरण जपून वापरा, पावसाळाभर पुरवा, लागेल ते पैसे देऊन बाजारातून आणा, असं त्यात बजावलं आहे. नाहीतर वैरण संपेल, घोडी मरतील, मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल. कुणी दाणे आणील, कुणी भाकरी, कुणी गवत, कुणी भाजी. असं झालं तर कुणबी गाव सोडून जातील आणि मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट ठराल, असा इशाराही आहे. दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इतकी बारीक काळजी त्यात आहे. घर चालवणाऱ्या बाईला हे पत्र लगेच कळतं. फौजेला पगार सरकारातून मिळावा, तिनं रयतेच्या चुलीत हात घालू नये, हा या राज्याचा पाया होता.

दुसरं ठिकाण संगमेश्वर. १६८९ मध्ये तिथं संभाजी महाराज मोगलांच्या हाती सापडले आणि पुढच्याच महिन्यात औरंगजेबानं त्यांना हाल करून मारलं. रायगड पडला. येसूबाई आणि लहानगे शाहू कैदेत गेले. राजाराम महाराज दूर दक्षिणेत जिंजीला होते. राजा जवळ नाही, राजधानी नाही, खजिना नाही, तरी लढाई थांबली नाही. संताजी घोरपडे, धनाजी जाधव लढत राहिले. १७०० मध्ये राजाराम महाराज वारले, तेव्हा ताराबाईंनी कारभार हाती घेतला आणि सात वर्षं बादशहाला झुंजवलं. घरातली तरणी माणसं मोहिमेवर गेल्यावर नाचणी-वरी कुणी पिकवली असेल, हे आपल्याला कुणी सांगायला नको. १७०७ मध्ये औरंगजेब दक्षिणेतच मेला.

पण याच लढाईत एक गाठ पडली. खजिना रिकामा, म्हणून सरदारांना पगाराऐवजी मुलूख तोडून द्यावे लागले. त्याला सरंजाम म्हणत. जिंकाल तो मुलूख सांभाळा, त्यातून आपली फौज पोसा. बादशहाही जहागिरीचं आमिष दाखवून माणसं फोडत होता, त्यामुळे दुसरा उपाय कमीच होता. त्या दिवसांत सरंजामानंच राज्य वाचवलं. अडचण एवढीच, की संकट सरलं तरी ही व्यवस्था राहिली. आता फौज मोठी ठेवायची तर नवा मुलूख हवा, आणि नवा मुलूख हवा तर फौज आणखी मोठी हवी.

१७१३ मध्ये आपल्याच कोकणातले, श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले. १७१९ मध्ये त्यांनी दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा. ती महाराजांच्या काळातही घेत. पण आता ज्या बादशाहीशी लढलो, तिच्याच शिक्क्यानं वसुलीचा हक्क मिळाला.

पुढचं सांगताना जीभ जड होते, पण सांगायला हवं. १७४२ पासून नऊ-दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जात होत्या. गावं लुटली, जाळली गेली. आपल्या ‘बारगीर’ शब्दाचा तिकडे ‘बर्गी’ झाला आणि तो बंगाली अंगाईत जाऊन बसला. तिथली आई बाळाला झोपवताना आपल्या फौजेचं नाव घेते. हलवर्णच्या पत्रातली भीती तिथं खरी झाली.

तिसरं ठिकाण हर्णै, समुद्रातला सुवर्णदुर्ग. १७५५ मध्ये तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानेनात, म्हणून नानासाहेब पेशव्यांनी मुंबईच्या इंग्रजांची मदत घेतली. सुवर्णदुर्ग पडला. दुसऱ्या वर्षी विजयदुर्गाला आंग्र्यांचं आरमार जळालं आणि बाणकोट इंग्रजांना मिळालं. साताऱ्याचे छत्रपती तोवर नावापुरते उरले होते. १७५८ मध्ये मराठी घोडी अटकेपर्यंत पोहोचली, १७६१ मध्ये पानिपत झालं, आणि १८१८ मध्ये पेशवाई इंग्रजांनी बुडवली.

हे आपल्याकडेच झालं असं नाही. १७८९ मध्ये फ्रान्सच्या पॅरिस शहरातल्या बाया भाकरीसाठी पायी राजवाड्यावर चालून गेल्या आणि राजाला शहरात घेऊन आल्या. तीन वर्षांत राजेशाही रद्द झाली. पण १७९३ मध्ये बायांच्या सभा-मंडळांवर बंदी आली. लढाया वाढल्या, सेनापती मोठे झाले. १८०४ मध्ये सेनापती नेपोलियन सम्राट झाला. त्याच वर्षीच्या कायद्यात लिहिलं गेलं, की बायकोनं नवऱ्याच्या आज्ञेत राहावं. ज्यांनी वाट मोकळी केली, त्याच मागे ढकलल्या गेल्या.

आम्हाला यातून एकच गोष्ट दिसते. राज्य कुणाच्या नावानं चालतं हे पाहून भागत नाही. फौज कुणाच्या ताटातलं खाते आणि तिला हिशेब कोण विचारतं, ते पाहावं लागतं. चिपळूणला तो हिशेब गवताच्या काडीपर्यंत विचारला जात होता. बंगालमध्ये विचारणारं कुणी नव्हतं.

शिवजयंतीला आपण पोवाडा ऐकतो, ऊर भरून येतो. यंदा त्याआधी हलवर्णचं पत्र गटात मोठ्यानं वाचू या. आणि अंगाई गाणाऱ्या त्या बंगाली आईचीही आठवण ठेवू या. तीही रयतच होती.