चित्रपटनिर्मितीतील कार्बन भरपाई

चित्रपटनिर्मितीतील कार्बन भरपाई म्हणजे चित्रीकरण व त्याच्याशी निगडित कामांतून होणाऱ्या, शक्य ती सर्व काटकसर करूनही शिल्लक राहणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाइतकी घट अन्यत्र घडवून आणण्यासाठी निर्मात्याने पैसे मोजण्याची पद्धत होय. हिला कार्बन ऑफसेट असेही म्हणतात. या व्यवहाराचे एकक कार्बन क्रेडिट हे असून एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड, अथवा तेवढीच तापमानवाढ घडवणारा अन्य वायू. वापरलेले क्रेडिट नोंदवहीतून कायमचे रद्द करावे लागते. तसे न केल्यास एकाच घटीवर दोघे हक्क सांगू शकतात. या पद्धतीविषयीचा मुख्य वाद 'अटळ' या शब्दाभोवती फिरतो. कोणते उत्सर्जन अटळ आहे हे ठरवणारा आणि ज्याला त्यातून सूट हवी असते तो, बहुतेक वेळा एकच असतो.

उत्सर्जनाचे स्रोत

ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट, बाफ्टाशी संलग्न 'अल्बर्ट' ही संस्था आणि 'अरुप' ही अभियांत्रिकी सल्लागार कंपनी यांनी २०२० साली 'अ स्क्रीन न्यू डील' हा अहवाल प्रसिद्ध केला. सात कोटी डॉलरहून अधिक खर्चाच्या एका चित्रपटामागे सरासरी २,८४० टन कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन होते, असे त्यात नमूद आहे. त्यातील सुमारे ५१ टक्के वाटा प्रवास व मालवाहतुकीचा, ३४ टक्के वीज व गॅसचा आणि १५ टक्के डिझेल जनरेटरचा होता. प्रवासाच्या वाट्यातही सुमारे ७० टक्के भाग रस्त्यावरील वाहनांचा आणि ३० टक्के विमानांचा निघाला. म्हणजे ज्याला पर्याय नाही असे सांगताना सर्वप्रथम ज्याचे नाव घेतले जाते, तो विमानप्रवास एकूण उत्सर्जनाच्या साधारण १५ टक्केच भरतो. अमेरिकेतील मोठ्या स्टुडिओंच्या 'सस्टेनेबल प्रॉडक्शन अलायन्स' या संघटनेने २०२१ मध्ये दिलेला सरासरी आकडा याहून मोठा, ३,३७० टन इतका आहे.

इतिहास

रोलँड एमेरिख दिग्दर्शित 'द डे आफ्टर टुमॉरो' (२००४) हे या पद्धतीचे बहुचर्चित आरंभीचे उदाहरण होय. हवामानबदलावरच्या या चित्रपटाच्या निर्मितीतून सुमारे १०,००० टन उत्सर्जन झाल्याचा अंदाज करण्यात आला आणि त्याच्या भरपाईसाठी एमेरिख यांनी पदरचे दोन लाख डॉलर दिले. ही रक्कम वृक्षलागवड व स्वच्छ ऊर्जेच्या प्रकल्पांसाठी होती. हिशेब केल्यास टनामागे २० डॉलर पडतात. चित्रपटाचा खर्च साडेबारा कोटी डॉलर होता. त्याचा हा सव्वासहाशेवा हिस्सा. भरपाई इतकी स्वस्त असेल तर चित्रीकरणाची पद्धत बदलण्याची निकड निर्मात्याला वाटत नाही, हा आक्षेप याच आकड्यांतून स्पष्ट होतो. त्यानंतर 'सिरियाना' (२००५) आणि 'ॲन इन्कन्व्हिनियंट ट्रूथ' (२००६) यांच्या निर्मात्यांनीही भरपाईचा मार्ग स्वीकारला. 'इव्हान ऑलमाइटी' (२००७) या चित्रपटासाठी झाडे लावण्यात आलीच, शिवाय दिग्दर्शक टॉम शॅडियाक यांनी कलाकार-तंत्रज्ञांना सायकली घेऊन दिल्या. त्या काळातील प्रसिद्धीत झाडांचा गाजावाजा अधिक झाला. उत्सर्जन मुळात टाळणाऱ्या सायकलींची दखल मात्र गंमत म्हणूनच घेतली गेली.

ब्रिटनमध्ये २०११ पासून कार्यरत असलेल्या 'अल्बर्ट'ने निर्मात्यांसाठी उत्सर्जनाचा गणकयंत्रासारखा तक्ता उपलब्ध करून दिला. पुढे बीबीसीसह तेथील प्रमुख वाहिन्यांनी आपल्या कार्यक्रमांसाठी त्याचा वापर आवश्यक केला. चित्रीकरणापूर्वी अंदाज आणि नंतर प्रत्यक्ष नोंद अशा दोन टप्प्यांत हा हिशेब होतो.

'अटळ' कशाला म्हणावे

प्रथम टाळणे, मग कमी करणे आणि अखेरीस उरलेल्याची भरपाई करणे, असा क्रम सर्वसाधारणपणे मान्य आहे. व्यवहारात तो अनेकदा उलटा होतो. एक लिटर डिझेल जळल्यावर सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जनरेटर व्हॅनमध्ये रोज १०० लिटर डिझेल जळत असेल, तर ४० दिवसांच्या चित्रीकरणात जवळपास ११ टन उत्सर्जन होते. कागदावर ११ क्रेडिट घेतली की हा हिशेब मिटतो. परंतु चित्रीकरणस्थळी वीजजोडणी आधीच मागितली असती, एलईडी दिवे वापरले असते, दिवे बंद असताना जनरेटर चालू ठेवला नसता, तर त्यातील किती टन खरोखर अटळ होते, हा प्रश्न क्रेडिट विचारत नाही. स्थळनिवडीचेही तसेच आहे. दोन दृश्यांसाठी संपूर्ण पथक परदेशी नेण्याचा निर्णय संहिता लिहिताना झालेला असतो. निर्मिती व्यवस्थापकाकडे प्रश्न येतो तोवर तो 'अटळ' बनलेला असतो.

क्रेडिटची विश्वासार्हता

पैसे मिळाले नसते तर घट झाली नसती, हे सिद्ध करता येणे म्हणजे अतिरिक्तता. क्रेडिटचे मूल्य प्रामुख्याने तिच्यावर अवलंबून असते. पवनऊर्जा आपल्या बळावर परवडू लागल्यावर ग्रिडला वीज पुरवणाऱ्या प्रकल्पांची अतिरिक्तता शंकास्पद ठरली. म्हणून 'व्हेरा' व 'गोल्ड स्टँडर्ड' या प्रमाणन संस्थांनी २०२० च्या सुमारास, अल्पविकसित देश वगळता, अशा नव्या प्रकल्पांना बहुतांशी दार बंद केले. भारतही त्यात आला. वृक्षलागवडीत अडचण वेगळी आहे. धूर आज निघतो, झाड तो अनेक वर्षांत शोषते, आणि मध्येच वणवा लागला किंवा तोड झाली तर साठलेला कार्बन पुन्हा हवेत जातो. जानेवारी २०२३ मध्ये 'द गार्डियन', 'दी त्साइट' व 'सोर्समटेरियल' यांच्या संयुक्त शोधवृत्तात व्हेराच्या वर्षावन-संरक्षण क्रेडिटपैकी ९० टक्क्यांहून अधिक क्रेडिटमागे वास्तविक घट नसावी, असा निष्कर्ष मांडण्यात आला. व्हेराने त्यामागील पद्धती अमान्य केली.

युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशानुसार, केवळ भरपाईच्या आधारे एखादे उत्पादन हवामानदृष्ट्या निरुपद्रवी असल्याचा ग्राहकांपुढे दावा करण्यास सप्टेंबर २०२६ पासून मनाई आहे.

भारतात

बिस्वजित बोरा दिग्दर्शित 'ऐसा ये जहाँ' (२०१५) या हिंदी चित्रपटाची प्रसिद्धी भारतातील पहिला कार्बन-न्यूट्रल चित्रपट अशी करण्यात आली. मुंबईत राहणाऱ्या आसामी कुटुंबाची ही कथा आहे. २०२२ च्या ऊर्जा संवर्धन (सुधारणा) अधिनियमाने देशांतर्गत कार्बन बाजाराला कायद्याचा आधार मिळाला. जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिच्यात ऐच्छिक भरपाईची तरतूद जोडण्यात आली. सेबीच्या नियमांनुसार बाजारमूल्याने पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरणविषयक अहवाल देणे बंधनकारक आहे. हा अहवाल संपूर्ण कंपनीचा असतो; त्यातून एखाद्या चित्रपटाच्या जनरेटरचे डिझेल वेगळे काढता येत नाही.