कर्करोगाचे औषध दुकानात मिळत नाही तेव्हा...

सोलापूर - कर्करोगतज्ज्ञांनी दिलेली चिठ्ठी घेऊन रुग्णाचा नातेवाईक एका मेडिकल दुकानातून दुसऱ्या दुकानात फिरतो आणि सर्वत्र 'नाही' हेच उत्तर ऐकतो, हा अनुभव शहरातील अनेक कुटुंबांना नवा नाही. मग कोणी पुण्यातील नातलगाला दूरध्वनी करतो, तर कोणी रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठतो. या धावपळीत केमोथेरपीची ठरलेली तारीख टळण्याची भीती असते. वस्तुतः 'औषध नाही' या एका उत्तरामागे चार निरनिराळ्या गोष्टी असू शकतात. त्या ब्रँडचे औषध दुकानात नसेल, वितरकाकडे साठा नसेल, देशातच तुटवडा असेल किंवा ते औषध भारतात विक्रीस आलेलेच नसेल. यांपैकी नेमके काय घडले आहे, हे प्रथम समजून घ्यावे. कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

दुकानात का नसते?

सर्दी-तापाच्या औषधांप्रमाणे कर्करोगाची औषधे रोज खपत नाहीत. एका कुपीची किंमत हजारोंच्या घरात, गिऱ्हाईक महिन्यातून एखादेच आणि मुदत संपली तर नुकसान दुकानदाराचे. शिवाय ट्रास्टुझुमॅबसारखी अनेक इंजेक्शने २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच ठेवावी लागतात. त्यामुळे सर्वसाधारण औषध विक्रेते ती बाळगत नाहीत. कंपन्याही ही औषधे बहुधा मोजक्या वितरकांमार्फतच देतात. म्हणून गल्लोगल्ली विचारीत फिरण्यापेक्षा, जेथे कर्करोगाचे उपचार होतात त्या रुग्णालयाच्या औषध विभागात प्रथम चौकशी करणे श्रेयस्कर ठरते. शहरात श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे, तर जिल्ह्यात बार्शी येथे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. बार्शीत १९८७ साली ग्रामीण भागातील कर्करोग नोंदणीचे काम सुरू झाले. मुंबई-पुण्याची वाट धरण्यापूर्वी जिल्ह्यातील हे पर्याय तपासावेत.

नाव नीट वाचा

पुष्कळदा औषध उपलब्ध असते; चिठ्ठीतला ब्रँड तेवढा नसतो. यासाठी डॉक्टरांकडून औषधाचे मूळ म्हणजे जेनेरिक नाव, मात्रा आणि एका आवर्तनाला लागणाऱ्या कुप्या किंवा गोळ्या सुवाच्य अक्षरांत लिहून घ्याव्यात. इमॅटिनिब, कॅपेसिटाबिन यांसारख्या गोळ्या अनेक भारतीय कंपन्या तयार करतात. एकीची मिळाली नाही तर दुसरीची चालेल काय, हे मात्र डॉक्टरांनीच सांगावयाचे असते.

सारख्या नावांचा घोटाळाही येथे संभवतो. ट्रास्टुझुमॅब, ट्रास्टुझुमॅब एमटान्सिन आणि ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन ही तीन वेगळी औषधे असून त्यांच्या मात्राही वेगळ्या आहेत. साधे डॉक्सोरुबिसिन आणि लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन, तसेच साधे पॅक्लिटॅक्सेल आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल ही एकमेकांच्या जागी देता येत नाहीत. 'तेच आहे, घेऊन जा' या आश्वासनावर विसंबून कुपी घरी आणू नये.

वितरक, तुटवडा आणि आयात

दुकानात औषध नसेल, तर परवानाधारक विक्रेत्यास ते वितरकाकडून मागवून देण्यास सांगावे. पुण्याहून माल येण्यास साधारणतः एक-दोन दिवस लागतात, हे ध्यानात घेऊन पुढील आवर्तनाच्या आठ-दहा दिवस आधीच मागणी नोंदवावी. विक्रेता असमर्थ असल्यास उत्पादक कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर जवळच्या अधिकृत वितरकाचे नाव विचारता येते. काही महाग औषधांसाठी कंपन्यांच्या रुग्ण साहाय्य योजनाही असतात. त्यांची माहिती उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे मिळू शकते.

खरोखरीचा तुटवडाही अधूनमधून पडतो. एका कारखान्यातील अडचण दूरवर कशी पोहोचते, याचे उदाहरण २०२३ साली दिसले. गुजरातमधील एका कारखान्यात गुणवत्तेच्या तपासणीनंतर उत्पादन थांबले आणि सिस्प्लॅटिन या जुन्या, स्वस्त औषधाची टंचाई थेट अमेरिकेतील रुग्णालयांना जाणवली. अशा वेळी पर्यायी उपचाराचा निर्णय डॉक्टर घेतात. औषध उपलब्ध नसल्याची तक्रार राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाकडे १८०० १११ २५५ या निःशुल्क क्रमांकावर नोंदविता येते.

औषध भारतात विक्रीसच नसेल, तर स्वतःच्या वापरासाठी ते परदेशातून मागविण्याची तरतूद १९४५ च्या औषध नियमांत आहे. त्यासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीसह १२-अ नमुन्यात केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे अर्ज करावा लागतो आणि १२-ब नमुन्यात परवाना मिळतो.

दराचा प्रश्न

औषध दुकानात असूनही परवडत नसेल, तर रुग्णाच्या दृष्टीने ते नसल्यातच जमा. कायद्यानेही हे तत्त्व मान्य केले आहे. यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील सोराफेनिब या औषधाचा महिन्याचा खर्च बायर कंपनीच्या ब्रँडसाठी २,८०,४२८ रुपये होता. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी नॅटको फार्मा कंपनीस ते बनविण्याचा सक्तीचा परवाना दिला आणि दर ८,८८० रुपये ठरला. भारतातील हा पहिलाच सक्तीचा परवाना होय. रक्ताच्या कर्करोगावरील इमॅटिनिबच्या संदर्भात नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला, त्यामुळे स्वस्त जेनेरिक गोळ्यांचा मार्ग खुला राहिला.

त्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये कर्करोगाच्या ४२ औषधांवरील व्यापारी नफ्यास ३० टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३६ जीवरक्षक औषधांवरील वस्तू व सेवा कर शून्य झाला असून, त्यांत कर्करोगाच्या अनेक औषधांचा समावेश आहे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमधील रुग्णालयांनी ४० औषधांची एकत्रित खरेदी केली, तेव्हा दरात २३ ते ९९ टक्के बचत झाली. म्हणूनच एकाच औषधाचा दर रुग्णालयात आणि बाहेर वेगळा असू शकतो. दोन्हीकडे विचारणा करावी. छापील कमाल किंमत 'फार्मा सही दाम' या सेवेवर पडताळता येते.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा मोठा आधार आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या पूर्वीच्या नावाने ती २०१२ साली प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. योजनेशी संलग्न रुग्णालयात केमोथेरपीच्या पॅकेजमध्ये औषधाचा खर्च धरलेला असतो. नवी, महाग औषधे त्यात असतीलच असे नाही. तेव्हा बाहेरून औषध विकत घेण्यापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे खात्री करून घ्यावी. योजनेचा क्रमांक १५५३८८ असा आहे.

बनावट औषधांपासून सावध

टंचाई आणि घाई यांचा लाभ घेणारेही असतात. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली. कर्करोगाच्या महागड्या औषधांच्या रिकाम्या कुप्या मिळवून त्यांत बुरशीवरील औषध भरून ती विकत असे. रुग्णालयांत काम करणाऱ्यांचाही तीत सहभाग असल्याचे पोलिसांनी म्हटले होते. त्यामुळे पुढील दक्षता आवश्यक आहे.

- बॅच क्रमांक व मुदत नमूद असलेले पक्के बिल घ्यावे आणि दोन्ही वेष्टनावरील मजकुराशी ताडून पाहावेत.
- बाजारभावापेक्षा फार स्वस्त, बिलाविना किंवा अनोळखी मध्यस्थामार्फत येणारे औषध घेऊ नये.
- वेष्टन फाटलेले, कुपीचे झाकण सैल किंवा छपाई पुसट असल्यास औषध नाकारावे.
- इंजेक्शन दिल्यानंतर रिकामी कुपी नष्ट केली जाते काय, याची चौकशी करावी.
- संशय आल्यास बिल व कुपी जपून ठेवून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी.

प्रवासात औषध जपा

पुण्या-मुंबईहून थंड ठेवावयाचे इंजेक्शन आणताना ते बर्फाच्या पिशव्यांसह थर्माकोलच्या डब्यात घ्यावे. मात्र कुपी बर्फाला थेट चिकटू देऊ नये. गोठलेले औषधही निकामी होऊ शकते. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत सकाळी निघालेली कुपी दुपारपर्यंत मोटारीच्या डिकीत राहिली, तर हजारो रुपयांचे औषध वाया जाते आणि ते वाया गेल्याचे बाहेरून दिसतही नाही. शक्य असल्यास औषध थेट रुग्णालयाच्या औषध विभागात पोहोचेल, अशी व्यवस्था विक्रेत्याकडून करून घ्यावी.

एवढे करूनही औषध वेळेत मिळाले नाही, तर ती गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. गोळ्या पुरवून पुरवून घेणे किंवा अर्धी मात्रा घेणे धोक्याचे असते. आवर्तन पुढे ढकलावे की औषध बदलावे, याचा निर्णय डॉक्टर घेऊ शकतात. मात्र त्यासाठी अडचण त्यांच्या कानी लवकर जाणे आवश्यक आहे.