पागेंतील वारा

घोड्याला चारा काय घालतां, हें सारेच विचारतात. त्याला वारा किती मिळतो, हें विचारणारे थोडे. अठराव्या शतकांत इंग्लंडांतील शर्यतीच्या घोड्यांचे तबेले बहुधा बंदिस्त व ऊबदार ठेवीत. अंगावर तकाकी येते, हें मोतद्दारांचें समर्थन! १७८८ सालीं एडिंबरोच्या जेम्स क्लार्कनें या कोंदटपणाविरुद्ध लिहिलें. पुढें १७९६ त घोडदळाचे मुख्य अश्ववैद्य झालेल्या एडवर्ड कोलमन यांनीं लष्करी पागांत वारा खेळता केला. ग्लँडर्स हा जीवघेणा रोग श्वासानें व मलमूत्रानें दूषित झालेल्या हवेंतून उपजतो, असें त्यांचें मत. तें चुकीचें होतें. रोगाचा जंतु १८८२ त जर्मनींत लोफ्लर व शुट्झ यांना सांपडला. उपाय मात्र लागू पडला, आणि आम्हांस मौज वाटते ती याचीच. कारण गर्दी व कोंडी यांनींच संसर्गाला बळ येतें. फ्रेंच घोडदळांत १८३६ पूर्वीं दर हजारीं १८० ते १९७ घोडे दरसाल दगावत. पागा प्रशस्त केल्यावर पुढील दहा वर्षांत तें प्रमाण ६८ वर आलें.

आज शर्यतीच्या व उड्यांच्या घोड्यांचा शत्रु निराळा आहे: वाळल्या गवताची धूळ, तींतील बुरशी आणि मुताचा अमोनिया. घोडा तोंडानें श्वास घेऊंच शकत नाहीं. नाकावाटे गेलेली धूळ फुप्फुसांत दाह करते, खोकला येतो, दौड मंदावते. म्हणून गवत भिजवून द्यावें, आणि घोडा आंत असतां बिछाना झाडूं नये, असें अश्ववैद्य सांगतात.